तीन देशांच्या सावत्र आया

फळ्यावर तीन रकाने आखून झाले, तेव्हा कुठे बाईंचं लक्ष शेवटच्या बाकाकडे गेलं. आणि खडू त्यांच्या हातातच राहिला.

पालकांनी वर्गात येऊन बसायचा दिवस होता. पाचवीच्या या तासाचा विषय बाईंनी मोठ्या हौसेनं निवडला होता: एकच गोष्ट निरनिराळ्या देशांत कशी सांगतात. गोष्ट सावत्र आईची. एक बर्फाच्या मुलखातली, एक वाळवंटातली, एक बेटावरची. मागे दाटीवाटीनं बसलेल्या आयांमध्ये करड्या कोटातली एक तरुणी होती. सकाळी हजेरी घेताना बाईंनी वर्गातल्या खारूताईला विचारलं होतं, "तुझ्याबरोबर कोण आलंय गं?" ती जराशी अडखळून म्हणाली होती, "बाबा येणारेत. तोवर या आल्यात. घरून." तेव्हा बाईंच्या ध्यानात काही आलं नव्हतं. आता आलं: या म्हणजे खारूताईची नवी आई.

एका जागी बूड टेकत नाही म्हणून वर्गानं तिला खारूताई नाव ठेवलं होतं. आज तर तिनं कहरच मांडला होता. उठायची, बसायची, दाराकडे बघायची, पुन्हा उठायची.

"बरं, आता आपण गोष्टीतल्या प्राण्यांकडे वळू," बाई घाईघाईनं म्हणाल्या. पण पोरं कुठली ऐकतात!

"बाई, बर्फातली मुलीला चाळणीनं पाणी आणायला लावते!"

"वाळवंटातली उपाशी ठेवते!"

"बेटावरची सगळ्यात डांबरट. होडीत बसवून सोडूनच देते!"

"म्हणजे सावत्र आई कुठलीही असो, वाईटच," पहिल्या बाकावरचा चष्मेवाला निकाल देऊन मोकळा झाला.

मागे दोघी-तिघी हसल्या. तरुणीही हसली, पण जरा उशिरा. मग तिनं पर्स उचलली, शेजारणीशी काहीतरी पुटपुटली आणि भिंतीच्या कडेकडेनं दाराकडे निघाली. तिला थांबवावं असं बाईंना फार वाटलं. पण काय म्हणून थांबवणार? सगळ्यांसमोर काय बोलणार?

तेवढ्यात खारूताई उभी राहिली.

"बाई, बाबा कुठे असतात?"

"अगं येतील. बस तू."

"माझे नाही. गोष्टीतले."

सगळा वर्ग तिच्याकडे वळला.

"तिला चाळणी देतात तेव्हा ते कुठे असतात? आणि होडीत घालतात तेव्हा?"

चष्मेवाल्यानं भराभरा पानं उलटली. "बर्फातले लाकडं तोडायला गेलेत."

"वाळवंटातले व्यापाराला," कुणीतरी म्हणालं.

"आणि बेटावरचे?"

चष्मेवाला बराच वेळ शोधत राहिला. "ते घरातच आहेत," तो शेवटी म्हणाला. "पण ते काही बोलतच नाहीत."

बाईंनी वळून फळ्याकडे पाहिलं. मुलगी होती, सावत्र आई होती, राक्षस होता, बोलणारा पक्षीसुद्धा होता. बाबांसाठी त्यांनी ओळच आखली नव्हती. इतकी वर्षं हा धडा घेत होत्या, पण हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

तरुणीचा हात दाराच्या कडीवर होता. तो तिथेच राहिला. पर्समधला फोन थरथरला. तिनं नाव बघितलं आणि फोन कानाला लावला.

"हो, चालू आहे अजून." तिनं आवाज दाबला होता, पण तो सगळ्यांना ऐकू आला. "जमत नाही म्हणजे? अरे, ती सकाळपासून दाराकडे डोळे लावून बसलीये. काय सांगू मी तिला?"

पलीकडून बराच वेळ बोलणं झालं असावं.

"नाही," ती म्हणाली. "दर वेळी मीच का सांगायचं? तू सांग."

ती माघारी वळली. बाकांमधून वाट काढत खारूताईपाशी आली आणि फोन तिच्यासमोर धरला.

"बाबा आहेत. विचार."

खारूताईनं तिच्याकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी फोन कानाशी धरला.

"बाबा, तुम्ही कुठे आहात?"

ती ऐकत राहिली. तरुणी तिच्या शेजारी, बाकाच्या उरलेल्या टोकावर टेकली. मागच्या आया मान खाली घालून बसल्या होत्या.

चष्मेवाल्यानं उत्तर लिहून घ्यायला पेन्सिल उचलली होती.