मनगटानंतर खुबा

"गेल्या वर्षी हिचं मनगट तुम्हीच जोडलंत. पण ओट्याजवळ नुसती घसरली तर हाड मोडतंच कसं, हे तपासलं नाहीत. आता खुबा मोडला, तोही तुम्हीच जोडलात."

डॉक्टरांनी मोबाइलमधून मान वर केली. "आजोबा, वयानं हाडं ठिसूळ होतातच. आराम करू द्या."

"तेव्हाही आरामच सांगितला होतात. ना तपासणी, ना औषध."

"अहो, पुरे," व्हीलचेअरमधून बायको म्हणाली. मग तिनं हळूच डॉक्टरांना विचारलं, "श्रावणात नातीची मंगळागौर आहे. एक फुगडी घालता येईल?"

"आता बसून टाळ्या वाजवायच्या, आजी," डॉक्टर हसले.

ती हसली नाही. मांडीवर तिचे हात आपोआप एकमेकांवरून गेले, फुगडीला धरतात तसे. लग्न नवं असताना स्वयंपाकघराचं दार लोटून तिनं मलाही असंच फुगडीला उभं केलं होतं. दोन गिरक्यांत मी धापा टाकायला लागलो, पण ती थांबायला तयार नव्हती.

मी ते हात धरले. तिनं घट्ट पकडले.

"फुगडीचं आम्ही बघू, डॉक्टर. तिसरं हाड मोडू नये म्हणून तुम्ही आज काय करणार आहात, तेवढं सांगा."