गाळणीतून आलेले ठोके

"कानातल्या गाळण्या काढू नका," स्नेहसंमेलनात शेंडेबाईंनी पालकांना बजावलं. "मुलांनी रचलेलं संगीत गाळणीलाही पटलं पाहिजे."

शहरात प्रत्येकाच्या कानात जन्मापासून गाळणी असे. बोलणं आणि संगीत ती आत सोडी, बाकीचा गोंगाट अडवी. त्यामुळे तांब्याची भांडी घडवणाऱ्या करड्यांच्या हातोडीचे ठोके कुणी कधी ऐकलेच नव्हते, खुद्द करड्यांनीही नाही.

बाईंच्या वर्गाने मात्र महिनाभर गाळण्या काढून घरोघरचे आवाज गोळा केले होते. आता करड्यांच्या नऊ वर्षांच्या रेवतीने मंचावर हंड्यावर हातोडी मारली. काहीच ऐकू आलं नाही. दुसरा ठोका, तिसरा, तरी शांतताच. लोक चुळबुळू लागले. पालकांत बसलेले करडे खुर्चीच्या कडेला सरकले.

रेवती थांबली नाही. तिने लय बदलली, मैत्रिणीने खराट्याने ताल धरला, कुणी जात्याची घरघर मिसळली. आणि एकाएकी सगळं सभागृह दणाणलं. लोक दचकून ताठ बसले.

"अहो, हे वाजतंय तरी काय?" शेजारी बसलेल्या एका आईने करड्यांना विचारलं.

"तांब्याचा हंडा," करडे म्हणाले. "घडवलाय मी. वाजवतेय माझी मुलगी."