बावीस पायऱ्या

हृदयाच्या चाचणीसाठी फोरमनच्या छातीवर दहा चकत्या चिकटवल्या होत्या, त्यांना दहा वायरी. दाराबाहेर लोखंडी जिना, बावीस पायऱ्यांचा. प्रत्येक पाऊल आत वाजायचं. चाचणीच्या पट्ट्यावर चालायला बूट हवेत आणि ते खाली गाडीतच राहिले होते. बायको आणायला गेली होती.

टेक्निशियन मुलीला पावलं मोजायची सवय होती. अठरा वाजली. मग बराच वेळ काहीच नाही. मग उरलेली चार.

बायको आत आली ती जबडा हाताने दाबून. कपाळावर घाम.

"काय होतंय काकू?"

"दाढ गं. जिना चढला की ठणकते, बसलं की थांबते."

"दोन उपटून झाल्या," फोरमन हसला. "तिसरी शुक्रवारी. तोंडाला जरा विश्रांती मिळेल म्हटलं, तर कसलं काय!"

मुलगी हसली नाही. "काका, हे दाढेचं नाही वाटत. हृदयाचं असू शकतं. ही चाचणी लागते ती असा त्रास असणाऱ्याला. तुम्हाला तर काहीच होत नाही."

"कारखान्याच्या यादीत नाव माझं आहे. पन्नाशी उलटली की करायचीच."

"आणि मला काय धाड भरलीये?" बायको खुर्चीत टेकली. "यांचं होऊ दे आधी."

मुलीने चिठ्ठी लिहून तिच्या हातात दिली. आजच हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा. बायकोने तिची चौघडी करून नवऱ्याच्या चष्म्याच्या डबीत ठेवली.

पट्टा सुरू झाला. दर तीन मिनिटांनी चढ वाढत गेला. फोरमन चालला, शेवटी जवळजवळ पळाला. नऊ मिनिटे बारा सेकंद. आलेखात दोष नाही.

"बघितलंस? घोडा आहे घोडा!" शर्टाची बटणं लावत तो म्हणाला. दोघं खाली उतरली.

मुलगी पुढच्या माणसाला चकत्या लावत होती, तेवढ्यात खालून आवाज आला.

"अगं, माझा चष्मा?"

"डबी वरच राहिली वाटतं. थांबा, आणते."

डबी खुर्चीवर होती. "काकू, चढू नका! मी येते!" मुलगी ओरडली, डबी उचलून दाराकडे धावली.

पावलं सुरू झाली होती. ती मोजत होती.

चौदा वाजली. पंधरावं वाजलंच नाही.