केसभर खाली

“चढलीस पुन्हा!” थोरली करवादली. ती षड्ज धरायची, धाकटी वरचा गांधार. “दोन गळे तंतोतंत जुळले, की खाली तिसरा आवाज आपोआप उमटतो,” बाबा म्हणायचे. बाबा गेल्यापासून तो एकदाही उमटला नव्हता. धाकटी तेव्हापासून पेटीच्या साथीनं रियाज करायची, आणि पेटीचा गांधार केसभर चढाच असतो. “तिसरा राहू दे गं ताई, आधी माझा तर लागू दे!” थोरलीनं पेटी बंद केली आणि पुन्हा षड्ज लावला. धाकटीनं डोळे मिटून सूर जरासा उतरवला, आणखी जरासा. आणि बंद पेटीमागून, जमिनीतून यावा तसा, ओळखीचा घोगरा खर्ज खोलीभर घुमला. दोघींच्या अंगावर काटा आला, पण सूर कुणीच सोडला नाही. आई ओल्या हातांनीच दारात थबकली. “थांबू नका गं,” ती कुजबुजली, “हे आलेत.” धाकटीचा श्वास संपत आला होता.