शुक्रवारचं बोलावणं

१९७२ सालच्या श्रावणात शैलजा जगदाळे कॉलेजच्या सेक्रेटरीपदाला रणनवरेविरुद्ध उभी राहिली. लग्नानंतर सातच महिन्यांत विधवा झालेल्या पोरीचं हे धाडस गावाला खुपलं. पण मत फक्त वर्गप्रतिनिधींना होतं आणि त्यांतल्या सातही मुलींनी तिला शब्द दिला होता. तेवढ्यावर ती निवडून येणार होती.

शुक्रवारी पाचला मतदान संपेपर्यंत त्या सातजणींपैकी एकही फिरकली नाही. पेटी बंद झाल्यावर त्यांतलीच जिवाभावाची मंदा धापा टाकत आली. कपाळावर ताजं कुंकू, मुठीत फुटाणे.

"अगं, रणनवऱ्याच्या आईनं सगळ्यांना हळदीकुंकवाला बोलावलं. दूध प्यायल्याशिवाय उठूच देईनात."

"मग मला आधी का बोलली नाहीस?"

"तुला कुठल्या तोंडानं सांगणार होते, शैला?"

मतमोजणीत निवडून आलेला रणनवरे मागे उभा राहून हसला. "आईच्या सणाला मी कसा आडवा येणार, वहिनी?"

रणनवरे पुढे आमदार झाला, शैलजा मुख्याध्यापिका. मंदा चाळिशीत विधवा झाली. त्या श्रावणात शुक्रवारी कुणाचंच बोलावणं नव्हतं, म्हणून ती शैलजाकडे येऊन बसली. शैलजानं तिला चहा दिला. 'पुन्हा ये' मात्र म्हटलं नाही.