मास्तरांची दुनळी

ग्वेंडाने दुनळी बंदुकीच्या नळ्या लाकडी कुंद्यापासून सोडवल्या, खिडकीच्या उजेडात धरल्या आणि एक डोळा मिटून आत पाहिलं.

"मास्तर, हिने तुम्ही शिकार करता की बटाटे उकरता?"

इडवल बेनन ओशाळले. गावच्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवून ते निवृत्त झाले होते आणि ही ग्वेंडा त्यांच्याच हाताखालून गेलेली. "चढावर टेकायला बरी पडते," ते म्हणाले.

फेब्रुवारी लागला की फेझंट पक्ष्यांची शिकार बंद होते आणि खोऱ्यातल्या साऱ्या बंदुका साफसफाईला ग्वेंडाच्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात येतात. तिने चिंधी गुंडाळलेला ब्रश नळीतून फिरवला. चिंधीला लागून काळा चिखल आला, त्यात गवताची एक काडी होती.

"या मोसमात किती पाडले?"

"एक. तोही गेथिनच्या छऱ्यांनीच पडला असेल. मी बार काढतो तेव्हा माझे डोळे मिटलेले असतात."

गेथिन म्हणजे मास्तरांचा मेहुणा, त्यांच्या बायकोचा, नेस्ताचा भाऊ. तो बाहेर पावसात गाडी लावायला जागा शोधत होता.

ग्वेंडाने नळीची जाडी मोजली. पुन्हा मोजली. मग पेशंटच्या नातेवाइकांशी बोलावं तसं हळू आवाजात म्हणाली, "मास्तर, जरा बसून घ्या."

मास्तर स्टुलावर बसले.

"डाव्या नळीला गंजाने पार खाल्लंय. इथे पत्रा इतका पातळ झालाय, की पुढच्या बाराला फाटेल. आणि तुमचा डावा हात नेमका इथेच असतो."

"म्हणजे ही आता चालवायची नाही?"

"नाही."

"मुळीच?"

"मुळीच नाही."

 मास्तरांची हनुवटी थरथरली. ग्वेंडाला गलबलून आलं. लग्नात सासऱ्यांनी दिलेली बंदूक, सगळ्या गावाला ठाऊक होतं. "पण धीर सोडू नका," ती घाईने म्हणाली. "जुन्या नळ्या कापून मी आत नव्या बसवते. ऑक्टोबरपर्यंत अशी करून देते, की तुम्हीच ओळखणार नाही."

"तुला कोणी सांगितलंय?" मास्तर ताडकन उठले.

"अहो, दुरुस्त होते ती..."

"हळू बोल! छत्तीस वर्षं, ग्वेंडा. छत्तीस हिवाळे दर शनिवारी त्या चिखलात उभा राहतोय मी. पायमोजे ओले, सँडविच ओलं. मला तो आवाज सहन होत नाही. मला ते पक्षी आवडतात गं, चालताना कसे ऐटीत चालतात! पण गेथिनचा सगळा जीव त्या शनिवारात. शुक्रवारी रात्रीच फोन करतो, 'दाजी, बूट काढून ठेवलेस ना?' त्याला नाही कसं म्हणू?" त्यांनी काउंटरवरचा कागद तिच्यापुढे सरकवला. "लिहून दे."

"खोटं नाही लिहिणार मी."

"खोटं कोण लिही म्हणतंय? तू निबंधात पानंच्या पानं भरायचीस, तेव्हा मी काय सांगायचो?"

"थोडक्यात लिही."

"मग थोडक्यात लिही."

ग्वेंडाने ओठ आवळून लिहिलं : 'ही बंदूक आज आहे त्या स्थितीत झाडणं धोक्याचं आहे.' खाली सही केली. मास्तरांनी चष्मा लावून वाचलं, 'धोक्याचं'खाली दोन रेघा ओढल्या आणि म्हणाले, "शाबास."

तेवढ्यात दार ढकलून गेथिन आत आला. धिप्पाड माणूस, टोपीवरून पाणी निथळत होतं, काखेत पिशवीत घातलेली स्वतःची बंदूक. "काय दाजी, झाली का तुझी म्हातारी ठणठणीत?"

मास्तरांनी शक्य तितका पडेल चेहरा करून कागद पुढे केला.

गेथिनने वाचलं. मग परत पहिल्यापासून वाचलं.

"म्हणजे येत्या मोसमात तू येणार नाहीस?"

"कसा येऊ? हात जायचा."

"दुसरी घेतलीस तर?"

"सासऱ्यांच्या बंदुकीची जागा दुसरीला?" मास्तर दुखावल्यासारखे म्हणाले. "तुझ्या वडिलांची आठवण ती, गेथिन. मनाला पटणार नाही."

"नाही, तेही खरंच." गेथिनने टोपी काढली.  "नेस्ता मला दरवर्षी सांगायची, 'इडवलला घेऊन जा रे. तुझ्याशिवाय कोण नेणार त्याला?' आता तूच नाहीस म्हटल्यावर..."

वाक्य त्याने अर्धवटच सोडलं. काखेतली बंदूक पिशवीतून काढून त्याने काउंटरवर ठेवली. तीन वर्षांपूर्वी इथूनच घेतलेली, ओरखडासुद्धा नसलेली, आरशासारखी लखलखीत.

"ग्वेंडा," तो घसा खाकरून म्हणाला, "हिचीही डावी नळी बघ बरं. नीट बघ. काहीतरी सापडेलच."