वाऱ्याचा नारळ

नारळी पुनवेला मिरकरवाड्याच्या बंदरावर सगळ्या खारव्यांबरोबर मीही समुद्राला नारळ वाहिला आणि म्हणालो, "वारा आवर रे बाबा, होड्या बाहेर पडू देत." त्याने ऐकलं. तिसऱ्या दिवशी पाण्यावर सुरकुती नव्हती. होड्या बांगड्याने भरून परतल्या आणि इकडे, मी चालवतो त्या बर्फाच्या कारखान्यात, कॉम्प्रेसर बंद पडला. त्याला वीज टेकडीवरच्या नव्या पवनचक्क्यांची. सकाळपासून वारा पडत गेला तसतसा मी व्हॉल्व्ह फिरवून यंत्रावरचा भार उतरवत होतो. दुपारी उतरवायला काही उरलंच नाही. गारवा देणाऱ्या अमोनियाच्या नळीवरची बर्फाची साय वितळून माझ्या पायांवर ठिबकू लागली. वाऱ्याच्या दिवसांत साठवलेल्या लाद्या पहिल्या दोन होड्यांनीच नेल्या होत्या, आणि आता साच्याच्या डब्यांत बर्फाच्या पापुद्र्याखाली नुसतं पाणी होतं. दारात बायका मासळीच्या पाट्या घेऊन खोळंबल्या होत्या. त्यांतल्या चंद्राआत्याने माझ्या हातात नारळ ठेवला. "तूच ना वारा आवर म्हणालास? आता तूच बोलव त्याला. मासळी कुजतेय रं." मी एकदा मीटरच्या काट्याकडे पाहिलं, तो शून्यावर पडून होता. नारळ घेऊन मी धक्क्याकडे निघालो. वाटेत माझी वहिनी उभी होती, रिकामी पाटी घेऊन, समुद्राकडे बघत. दादाची होडी तेवढी यायची राहिली होती. तिने माझ्या हातातला नारळ काढून घेतला आणि पदराखाली धरला.